दोन जावा आणि उणे एक मजला

४ मार्च, सोमवार

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "ऑफिसात जे जे होतं ते यात लिहीत जा. मला सांगतेस तेवढं सगळं. इतकं काम करतेस, कुठे नोंद राहायला नको?" किती विचार करतो माझा. आज जेवताना मी सांगायला सुरुवात केली, तर मध्येच थांबवून म्हणाला, "थांब, सांगण्यात वाया घालवू नकोस, लिही."

तर लिहिते. आज धाकटी आमच्या ऑफिसात रुजू झाली. धाकटी म्हणजे माझी जाऊ, भावजींची बायको. लग्नाला वर्ष होत आलं. ती दोघं वरच्या मजल्यावर राहतात, खाली आम्ही आणि सासूबाई. आतापर्यंत जिना एक होता, आता ऑफिसही एक. हुशार आहे, त्यात वाद नाही. पण साहेबांनी मुलाखत परस्पर घेतली. मला विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं.

साहेबांनी सगळ्यांना गोळा करून ओळख करून दिली. "आपल्याकडे आता दोन जावा झाल्या, आणि काम मात्र सी-प्लस-प्लसमध्ये!" जावा नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा आहे, सी-प्लस-प्लस ही दुसरी, त्यावरचा हा विनोद. स्वतःच पोट धरून हसले. दुपारी पुन्हा सांगितला. तिसऱ्या वेळी टेस्टवाला, म्हणजे आमच्या कामाच्या चाचण्या घेणारा, हसला, कारण त्याची रजा मंजूर व्हायची आहे.

धाकटी मला इथे काय म्हणेल याची धाकधूक होती. घरी ताई म्हणते. इथेही ताईच म्हणाली. माझ्या टीमचं वातावरण तिला आवडेल असं वाटतं. मी खोलीत शिरले की सगळे लगेच कामाला लागतात. अशी शिस्त सगळीकडे बघायला मिळत नाही.

५ मार्च, मंगळवार

आमचं काम कंपायलर बनवण्याचं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. आमचा कंपायलर तीन ठिकाणी चालला पाहिजे. माझ्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर, धाकटीला दिलेल्या मॅकवर, आणि लिफ्ट चालवणाऱ्या तळहाताएवढ्या सर्किट बोर्डावर. त्या बोर्डाला आम्ही बुटकी म्हणतो. बुटकीचं सगळं टेस्टवाला बघतो.

आज धाकटीने पहिला मोठा तुकडा लिहून जोडला आणि मॅकवर तुकडे जोडणाऱ्या लिंकरने मान टाकली. म्हणे, ताईंचं फंक्शन सापडत नाही. माझ्या लिनक्सवर छान सापडतं. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे चालतंय." ती नुसती बघत राहिली. नवीन आहे, शिकेल.

७ मार्च, गुरुवार

आज मॅकवर लिंकर म्हणतो, धाकटीचं फंक्शन सापडत नाही. माझं सापडलं!

मी म्हटलं, "बघ, दोष तुझ्यात होता."

"ताई, परवा तुमचं सापडत नव्हतं. मी एका अक्षराला हात लावलेला नाही."

"हात लावल्याशिवाय कसं बदलेल?"

"तेच मी तुम्हाला विचारते आहे."

विचारण्याची ही पद्धत मला आवडली नाही. दुपारनंतर पुन्हा माझं गायब, तिचं हजर. घरी येईपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. नवऱ्याला सांगायला गेले तर त्याने वही आणून हातात दिली. पेनसुद्धा.

८ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. मीही बसले. म्हणाल्या, "तो तुमचा लिंकर करतो काय नेमकं? धाकटीही त्याच्याच नावाने बोटं मोडत होती."

मी समजावून सांगितलं. "आई, प्रोग्राम तुकड्यातुकड्यांनी बनतो. एक तुकडा दुसऱ्याला नावाने हाक मारतो. ज्याची हाक, त्याच्याशी गाठ घालून द्यायची, हे लिंकरचं काम. हाक मारली आणि त्या नावाचं कोणी सापडलं नाही की तो हटून बसतो."

"दोघं एकाच घरात असले तरी?"

"तरी."

"मग त्यांना धरून एका जागी बसवायला हवं," म्हणाल्या आणि मटार सोलत राहिल्या. तांत्रिक गोष्टी त्यांना कळत नाहीत, पण ऐकून मात्र घेतात.

११ मार्च, सोमवार

सासूबाईंना काय झालंय कळत नाही. आज ऑफिसात डबा उघडला तर त्यात दोघींची पोळी-भाजी एकत्र. दुसरा डबा घासायला विसरल्या म्हणे. मग काय, मी आणि धाकटी एका टेबलाशी, एका डब्यातून. पहिली पाच मिनिटं नुसतं चावण्याचा आवाज. मग तिने विचारलं, "ताई, तुमचा तुकडा करतो काय?" मी सांगितलं, "प्रोग्राममध्ये दोन अधिक तीन असं लिहिलेलं असेल तर चालताना कशाला बेरीज करत बसायचं? मी आधीच पाच करून ठेवते. घडी घालून ठेवल्यासारखं." ती म्हणाली, "माझंही तसंच काहीसं. सारखे दिसणारे दोन तुकडे असले की मी त्यांचा एक करते. तीही घडीच."

बोलते चांगली, हे कबूल करायला हवं. भाजीतले बटाटे तिने माझ्या बाजूला सारले. तिला आवडत नसावेत.

१२ मार्च, मंगळवार

साहेबांनी आज विनोद न सांगता बोलावलं, तेव्हाच ओळखलं की गंभीर आहे. लिफ्ट बनवणारी ती मोठी कंपनी अठ्ठावीस तारखेला येते आहे. त्यांच्या सगळ्या लिफ्टचे प्रोग्राम यापुढे आमच्या कंपायलरमधून काढायचे का, हे त्या दिवशी ठरणार. तिन्ही यंत्रांवर सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास झालेल्या, दिसल्या पाहिजेत. त्यांनी नाही म्हटलं तर आमचा विभाग बंद. मालकांनी साहेबांना तसं स्पष्ट सांगितलंय. मग मी कुठे, टेस्टवाला कुठे, कोण कुठल्या गावी, कोणास ठाऊक.

साहेब म्हणाले, "तुम्ही दोघींनी एकत्र बसून तो लिंकरचा घोळ निस्तरा."

मी म्हटलं, "मी एकटी निस्तरेन."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. हे ते का करतात मला कधी कळलेलं नाही.

आजही दुसरा डबा घासायचा राहिला होता.

१४ मार्च, गुरुवार

आजचा दिवस मोठा आहे, नीट लिहायला हवा.

सकाळी धाकटीच्या स्कूटरची किल्ली मिळेना. सासूबाईंनी उचलून ठेवली होती आणि कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. शेवटी ती माझ्या मागे बसून आली. संध्याकाळी तशाच परत निघालो. लिंकर दिवसभर आम्हा दोघींना आळीपाळीने हरवत होता, त्यामुळे दोघीही वैतागलेल्या. मोठ्या चौकाच्या अलीकडे ती मागून ओरडली, "ताई, तुमच्या फाइलचं नाव काय?"

डोक्यावर हेल्मेट, कानात वारा. मी ओरडले, "काय?"

"नाव! फाइलचं!"

"फोल्ड!"

"कोण बोल्ड?"

"फोल्ड गं, फोल्ड! घडी!"

मागे एकदम शांतता. मला वाटलं पडली की काय. मग माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप बसली की स्कूटर हलली. "ताई, थांबा! बाजूला घ्या!"

फुटपाथपाशी थांबवली. ती उतरली, हेल्मेट काढलं, केस उभे राहिलेले. "ताई, माझ्या फाइलचं नावही फोल्डच आहे."

"असेना. तुझी तुझ्या फोल्डरमध्ये, माझी माझ्या."

"तुमचा एफ मोठा की लहान?"

"मोठा. मी नाव नेहमी मोठ्या अक्षराने सुरू करते."

"माझा लहान. आणि साहेबांच्या त्या बिल्डच्या प्रोग्रामात सगळे तयार तुकडे शेवटी एकाच फोल्डरमध्ये टाकलेत."

मग मलाही लख्ख दिसलं. लिनक्सला मोठा एफ वेगळा आणि लहान एफ वेगळा, म्हणून माझ्याकडे दोन फाइल सुखाने शेजारी राहतात. धाकटीच्या मॅकला ते एकच नाव वाटतं. त्यामुळे जी फाइल मागून येते ती आधीच्या फाइलवर बसते आणि तिला पुसून टाकते. सगळे तुकडे एकदम तयार होत असतात, म्हणून कधी माझी आधी, कधी तिची. जिची पुसली जाते तिचं फंक्शन लिंकरला सापडत नाही! मराठीत लिहिलं असतं तर ही भानगडच झाली नसती. आपल्याकडे अक्षर लहान-मोठं नसतंच.

आम्ही तिथेच फुटपाथवर वेड्यासारख्या हसत होतो. एका काकांनी थांबून विचारलं, "स्कूटर बंद पडली का?" धाकटी म्हणाली, "नाही काका, चालू झाली."

स्कूटर वळवून परत ऑफिसात. तिने स्वतःच्या फाइलचं नाव बदललं. मी म्हटलं, माझं बदलते. ती म्हणाली, "नको, तुमची आधीपासूनची आहे." बिल्ड लावली. सगळे तुकडे नव्याने तयार झाले आणि लिंकर गुमान चालला. घरी आलो तर किल्ली सापडली होती. सासूबाईंच्याच कमरेला होती.

१५ मार्च, शुक्रवार

तिन्हीकडे हिरवं. साहेबांनी जावांचा विनोद सांगितला. आज मी हसले.

१६ मार्च, शनिवार

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. विसरणं फार वाढलंय, अंगावर काढण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. सासूबाईंनी सगळं केलं, वर आमच्या झाडून साऱ्या नातेवाइकांचे फोन नंबर म्हणून दाखवले, आणि डॉक्टरांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी कुठल्या महिन्यात झालं तेही सांगितलं, जे डॉक्टरांना आठवत नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाले, "यांची स्मरणशक्ती तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे."

मी म्हटलं, "मग डबा? किल्ली?"

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, "चालू द्या." असे कसे डॉक्टर? दुसरे बघायला हवेत.

१९ मार्च, मंगळवार

धाकटीने रंगाचा बेरंग केला.

तिने बसून तिन्ही यंत्रांवरच्या टेस्ट ताडून पाहिल्या. बुटकीवर एक टेस्ट कमी भरली. शोधलं तेव्हा कळलं की ती कोणीतरी बंद करून ठेवली आहे. चालू केली तर लालभडक. टेस्ट साधी आहे. इमारतीत आठ मजले आणि खाली तळघर. तळघर म्हणजे उणे एक मजला. लिफ्टला सांगायचं, तळघरात जा. लिनक्सवर जाते, मॅकवर जाते. बुटकीवर ती निघते दोनशे पंचावन्नाव्या मजल्यावर.

कारण धाकटीनेच काढलं. अगदी लहान आकडा साठवायचा तर त्याला उणे चिन्ह चालतं की नाही, हे आमच्या कंपायलरने कुठे ठरवलेलंच नव्हतं. ज्या त्या यंत्राच्या मर्जीवर सोडलेलं. बाकीच्यांना उणे चालतं. बुटकीला चालत नाही. शून्याच्या मागे गेलं की तिचे आकडे वरच्या टोकाला जाऊन पोचतात, म्हणून उणे एक दिला की ती त्याचा दोनशे पंचावन्न करते.

अठ्ठावीस तारीख पुढच्या आठवड्यात आहे.

२० मार्च, बुधवार

भांडण झालं. जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "हा माहीत असलेला दोष म्हणून नोंदवू. टेस्ट बंदच ठेवू. पुढच्या आवृत्तीत काढू. सगळे असंच करतात."

"ताई, लिफ्टमध्ये माणसं असणार."

"लिफ्टला स्वतःचे ब्रेक असतात. आठव्या मजल्यावर आपोआप थांबेल."

"तळघरात जायला निघालेला माणूस आठव्या मजल्यावर उतरेल."

"मग येईल चालत खाली," मी म्हटलं. तोंडातून गेलं खरं, पण मलाच ते ऐकवलं नाही. तरी मागे हटले नाही. हा नियम बदलायचा म्हणजे कंपायलरच्या पोटात हात घालायचा. किती टेस्ट कोसळतील सांगता येत नाही. विभाग बंद झाला तर? टेस्टवाल्याच्या घरी जुळी आहेत.

ती म्हणाली, "टेस्ट पास झाल्याच्या कागदावर मी सही करणार नाही." आधी घोटभर पाणी प्यायली, पण म्हणाली.

घरी आलो. ती सरळ वर जायला निघाली तर सासूबाई म्हणाल्या, "जिना आत्ताच पुसलाय, ओला आहे. वाळेपर्यंत दोघी स्वयंपाकघरात बसा." मी नंतर हात लावून पाहिला, जिना कोरडा ठणठणीत होता. म्हणजे पुसल्याचा त्यांना नुसता भास झाला. फार काळजी वाटते.

तर बसलो. मी धाकटीला विचारलं, "ती टेस्ट बंद कोणी केली?"

"टेस्टवाल्याने. जानेवारीत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"आला होता की तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, बुटकी नवीन आहे, तिचं काही खरं नसतं, नीट बघून ये. तो नीट बघून आला. तुम्ही म्हणालात, परत बघ. मग त्याने बंदच केली."

"एवढ्यावरून?"

ती टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला काही सांगायला यायचं म्हणजे आम्ही आधी पाणी पिऊन येतो."

सासूबाईंना एकदम ठसका लागला. पाठ फिरवून बराच वेळ खोकत होत्या. मी त्यांना पाणी दिलं.

मला हे पटलेलं नाही. उद्या सगळ्यांना सरळ विचारणार.

२१ मार्च, गुरुवार

विचारलं. सगळ्यांना उभं करून विचारलं, "तुम्हाला माझी भीती वाटते का?"

सगळे एका सुरात म्हणाले, "नाही, ताई."

म्हणजे धाकटीचं चुकलंच. पण ते एका सुरात का म्हणाले, हे दिवसभर डोक्यातून जाईना.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी मी टेस्टवाल्याच्या टेबलापाशी गेले आणि त्याच्या बाजूच्या स्टुलावर बसले. त्याने माझ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, आणि उभा राहिला. मी म्हटलं, "बस रे. तळघराची ती टेस्ट दाखव मला."

त्याने लावली. त्याच्या पडद्यावर लिफ्टचं लहानसं चित्र आहे, मजल्याचा आकडा दाखवणारं. उणे एक दाबलं आणि लिफ्ट निघाली. आठ, नऊ, वीस, साठ, दीडशे. छपराच्या वर, ढगाच्या वर, चाललीच आहे. मला हसू आवरेना. टेस्टवाला दचकला. माझं हसणं त्याने आधी ऐकलं नसावं. मग तोही हसला, आणि म्हणाला, "जानेवारीत रात्रभर चालू ठेवून बघितली होती, ताई. दोनशे पंचावन्नला पोचली की थांबते आणि दार उघडते."

दार उघडते! ते ऐकल्यावर मात्र हसू विरलं. तिथून उठून धाकटीकडे गेले आणि म्हटलं, "नियम बदलायचा. आजपासून." ती म्हणाली, "बरं." दुसरं काही म्हणाली नाही. मी तिच्या जागी असते तर पुष्कळ काही म्हटलं असतं.

२३ मार्च, शनिवार

ऑफिस बंद, म्हणून जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप. नियम एका ओळीचा आहे. लहान आकड्याला उणे चालणार, सगळीकडे, यंत्र काहीही म्हणो. ती ओळ लिहिली आणि चाळीसेक टेस्ट लाल झाल्या. एकेक घेत बसलो. ती वाचून दाखवायची, मी बदलायची. मग उलटं. काही टेस्टमध्ये तर चुकीचं उत्तरच बरोबर म्हणून लिहिलेलं निघालं.

स्वयंपाक नवऱ्याने आणि भावजींनी केला. भात खाली लागला, वर कच्चा राहिला. दोघं भाऊ एकमेकांकडे बोट दाखवत होते. धाकटी हळूच म्हणाली, "माझ्याकडे शिजतोय." मी इतकी हसले की पाणी नाकात गेलं. भावांना काही कळलं नाही.

सासूबाईंना आज सगळं व्यवस्थित आठवत होतं. विश्रांतीचा परिणाम असेल.

२५ मार्च, सोमवार

अठ्ठावीसपर्यंत होणार नाही हे उघड दिसतंय. साहेब म्हणाले, "मी फोन करतो." मी म्हटलं, "दोष आमच्याकडचा आहे, मी करते."

लिफ्ट कंपनीच्या मुख्य इंजिनियर एक बाई आहेत. त्यांना सगळं सांगितलं, दोनशे पंचावन्नासकट. बाई भडकल्या. आमचे लोक तयार आहेत, इमारत ठरली आहे, आत्ता सांगता? मी मध्ये बोलले नाही. धाकटी समोर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती, मी कधी तोंड उघडते त्याची वाट बघत. मी उघडलं नाही. बाईंचं बोलून संपल्यावर म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. आम्हाला थोडे दिवस द्या, नाही तर नाही म्हणा. पण तळघर चालत नाही हे लपवून मी तुम्हाला देणार नाही."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "तीन एप्रिल. त्यानंतर एक दिवस नाही. आणि टेस्ट टेबलावर बघणार नाही, खऱ्या लिफ्टमध्ये बघणार."

फोन ठेवला. धाकटीने न विचारता पाणी आणून दिलं. पिताना तिचं ते पाणी पिऊन येण्याचं बोलणं आठवलं, आणि बघितलं तर ती खाली मान घालून हसत होती.

२९ मार्च, शुक्रवार

चाळिसातल्या बहुतेक उरकल्या. डबा हल्ली सासूबाई एकच पण मोठा देतात. नवीन आणला म्हणे. बटाटे धाकटीला आवडतात. काल तिनेच सांगितलं. मग ती माझ्या बाजूला का सारत होती, देव जाणे.

२ एप्रिल, मंगळवार

दुपारी सगळं हिरवं. साहेब नाचायचे बाकी होते. मी पाठवायची तयारी करत होते, तेवढ्यात टेस्टवाला आला. पाणी पिऊन आला होता की नाही ते माहीत नाही, पण आला. दोन हात लांब उभा राहून म्हणाला, "ताई, एक गडबड आहे."

उद्याच्या इमारतीला तळघरं दोन आहेत. आमची टेस्ट उणे एकचीच होती. याने पाठवायच्या आधी सहज उणे दोन करून बघितलं. लिफ्ट दोनशे चोपन्नाव्या मजल्यावर.

माझ्या जिभेवर "परत बघ" आलं होतं. खरंच आलं होतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि म्हटलं, "बस. आपण तिघं बघू."

तासाभरात सापडलं. नियम बदलला, तुकडे नव्याने तयार केले, पण बुटकीवर एक तुकडा जुनाच पडून राहिला होता आणि लिंकर इमानाने तोच जोडत होता. एकापेक्षा जास्त तळघरं असली की काम त्या तुकड्यातून जायचं. धाकटीने सगळं पुसून मुळापासून बिल्ड लावली. उणे एक, हिरवं. उणे दोन, हिरवं. टेस्टवाल्याने उणे तीनही करून बघितलं, तेवढी तळघरं कुणाकडे नसताना.

मी सगळ्यांच्या समोर त्याला म्हटलं, "तू आज आला नसतास तर उद्या सगळं बुडालं असतं." त्याने मान खाली घातली. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

३ एप्रिल, बुधवार

इमारत नवी, अजून कोणी राहायला आलेलं नाही. आठ मजले, खाली दोन तळघरं. भिंतींना रंगाचा वास. लिफ्टवाल्या बाई हातात बॅटरी घेऊन आधीच उभ्या होत्या. त्यांच्या माणसाने बुटकीत आमच्या कंपायलरचा प्रोग्राम भरला, झाकण लावलं, आणि बाई म्हणाल्या, "पहिली फेरी कोण करणार?"

टेस्टवाला म्हणाला, "मी जिन्याने येतो." धाकटीने त्याचा शर्ट धरून त्याला आत ओढलं. मी आधीच आत होते.

बाईंनी बाहेरून सांगितलं, "उणे दोन."

बटण मी दाबलं. दार लागलं. एक क्षण काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात मला छप्पर, ढग, दोनशे चोपन्नावा मजला, सगळं दिसलं. धाकटीने माझा हात धरला. मीही तिचा घट्ट धरला. मग पोटात तो हलका खड्डा पडला, खाली जाताना पडतो तो. आकडा शून्य झाला. उणे एक झाला. टेस्टवाला पुटपुटत मोजत होता. उणे दोनवर लिफ्ट अलगद थांबली आणि दार उघडलं.

समोर एक सफाईवाला उभा होता, हातात बादली आणि फडका. आम्हा तिघांना बघून तो बाजूला झाला. आम्ही कोणी बाहेर पडलो नाही, नुसते उभे राहून समोरच्या सिमेंटच्या भिंतीकडे बघत होतो. टेस्टवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

सफाईवाला म्हणाला, "चुकून खाली आलात का? इथे काही नाही हो."

धाकटी म्हणाली, "नाही काका. इथेच यायचं होतं."

"इथे?"

"हो," मी म्हटलं. "जानेवारीपासून."

त्याने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग बादली उचलून आत आला, वर जायचं बटण दाबलं आणि आमच्यापासून जरा लांब, कोपऱ्यात उभा राहिला.